इथे सगळेच अडखळतात

थोरल्या बहिणीचं मनगट मोडलं तेव्हा मी तिच्या दोन पायऱ्या मागे होते. एका सभागृहाचा जिना. कार्यक्रम संपून लोक खाली उतरत होते आणि वळणावरचा दिवा गेलेला होता. एका पायरीची पुढची कड तुटली होती. तुटून बरेच दिवस झाले असावेत, कारण तुटलेल्या भागाचे कोपरे चपलांनी घासून गुळगुळीत झाले होते आणि फटीत काळी धूळ घट्ट बसली होती. कठडा होता, पण नेमका तिथलाच आडवा गज निखळलेला. ताईने आधारासाठी हात टाकला तो हवेतच. रखवालदार धावत आला. त्याने पाणी आणलं, खुर्ची आणली. बिचारा खरोखर कळवळला होता. धीर द्यायचा म्हणून तो म्हणाला, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. इथे सगळेच अडखळतात. परवा एक आजोबा पडले."

पुढचे आठ दिवस घरात जो वाद झाला, तो अशा प्रत्येक अपघातानंतर सगळीकडे होतो तसाच होता. एक पक्ष म्हणाला, या वयात बघून चालायला नको का? दुसरा म्हणाला, दावा ठोका, जन्माची अद्दल घडली पाहिजे. तिसरा नेहमीचा: व्हायचं होतं ते झालं, पायावरचं हातावर निभावलं म्हणा. छज्जा कोसळो, लिफ्टचं दार उघडून समोर नुसता खड्डा निघो, दुकानातल्या ओल्या फरशीवर कुणी आपटो, वाद याच तीन पट्ट्यांवर धावतो. पडणारा वेंधळा होता की मालक नराधम होता, एवढंच ठरवायचं असल्यासारखा. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला धोका माहीत होता का, किंवा नीट पाहिलं असतं तर माहीत झाला असता का, आणि तो दूर करण्यासाठी त्याने काय केलं, हे विचारायला हवं. उत्तर "माहीत होता आणि काही केलं नाही" असं असेल, तर जखमी माणसाला मिळणारी भरपाई ही दया नव्हे आणि लॉटरीही नव्हे. न केलेल्या दुरुस्तीचं ते बिल आहे. आजवर ते चुकीच्या पत्त्यावर, म्हणजे पडणाऱ्याच्या घरी जात होतं. रखवालदाराचं ते वाक्य आम्ही सांत्वन म्हणून ऐकलं, पण कायद्याच्या कानांनी ऐकलं तर तो कबुलीजबाब होता.

"हे भरपाईचं खूळ अलीकडचं, परदेशातून आलेलं" असं म्हणणाऱ्यांना मी सुमारे पावणेचार हजार वर्षं मागे नेऊ इच्छिते. बॅबिलॉनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कोरून घेतलेल्या कायद्यांत बैलाची दोन कलमं लागोपाठ येतात. रस्त्याने चाललेल्या बैलाने कुणाला भोसकून मारलं तर त्यावर दावा चालणार नाही, असं २५० वं कलम सांगतं. लगेच पुढचं २५१ वं कलम म्हणतं: बैल मारका आहे, तसं वस्तीतल्या अधिकाऱ्यांनी मालकाला कळवलेलं आहे, तरी त्याने शिंगं बोथट केली नाहीत की बैल आवरला नाही, आणि त्या बैलाने स्वतंत्र माणसाचा जीव घेतला, तर मालकाने अर्धा मीना (मीना हे तेव्हाचं वजनाचं माप) चांदी भरायची. दोन्ही कलमांत बैल तसाच आहे, शिंगं तशीच आहेत, मेलेला माणूसही तसाच मेलेला आहे. बदललं आहे ते फक्त मालकाला असलेलं ज्ञान. आजच्या न्यायालयांत धोक्याची पूर्वकल्पना होती की नव्हती यावर जो तासन्‌तास कीस पडतो, त्याचं बीज या दोन कलमांत आहे. त्याच संहितेत, बांधलेलं घर कोसळून घरमालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावं, असंही कलम आहे. "मालकाला फासावर द्या" म्हणणाऱ्यांनी तेवढं वाचावं. रक्ताऐवजी पैसा मोजायला लागणं ही माणसाची घसरण नव्हती. ती शहाणपणाची पायरी होती.

हिब्रू धर्मग्रंथांनी तर धोका निर्माण होण्याआधीच कर्तव्य सांगितलं: नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, नाहीतर कुणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. उघडा खड्डा ठेवला आणि त्यात कुणाचा बैल किंवा गाढव पडलं तर भरपाई खड्डेवाल्याने द्यायची, हेही तिथेच आहे. रोममध्ये बहुमजली भाड्याच्या इमारती होत्या आणि खिडक्यांतून रस्त्यावर काय वाटेल ते पडत असे. तिथल्या कायद्याने घराच्या मालकाला नव्हे, तर त्या घरात राहणाऱ्याला धरलं. कारण उघड आहे. खिडकी त्याच्या हातात होती. नेमकं कुणी फेकलं हे जखमी माणसाने शोधत बसायचं नाही, ज्याचं बिऱ्हाड त्याने भरायचं. मला सगळ्यात आवडतो तो त्याच्या शेजारचा नियम. लोक ये-जा करतात त्या वाटेवर, पडलं तर इजा होईल असं काही छपरावर किंवा सज्ज्यावर ठेवलं किंवा टांगलं, तर दहा सुवर्णमुद्रा दंड, आणि तोही काहीही पडण्याआधी! कुणाचंही डोकं फुटायची वाट न पाहता. एवढा साधा विचार आपल्याला अजून अंगवळणी पडत नाही. आपली यंत्रणा पंचनाम्यापासून जागी होते.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा. माणसाने स्वतःची काळजी स्वतः घ्यायची की नाही? घ्यायचीच. यात वाद नाही. १८०९ सालचा इंग्लंडमधला एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना घोकावाच लागतो. एका माणसाने आपल्या घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा वासा टाकला होता. दिवेलागणीच्या वेळी एक स्वार दारूच्या गुत्त्यातून निघून घोडा भरधाव फेकत आला, वाशाला धडकला आणि जबर जखमी झाला. वासा शंभर यार्डांवरून दिसण्याइतका उजेड होता. न्यायालयाने दावा फेटाळला: साधी काळजी घेतली असती तर वासा दिसला असता. तिथपर्यंत कुणालाही पटेल. पण त्या निकालाचा जो नियम बनला, तो भयंकर होता. जखमी माणसाची चूक कणभर असली तरी त्याला छदामही नाही, मग समोरच्याची चूक मणभर का असेना. हा नियम इंग्लंडमध्ये १९४५ पर्यंत टिकला. त्या वर्षीच्या कायद्याने चूक वाटून द्यायची सोय केली. जखमी माणसाचा दोष पाव असेल तर भरपाई पावाने कमी करा, पण बाकीची द्या. आज बहुतेक ठिकाणी हेच चालतं. अमेरिकेतल्या अलाबामा, मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या मोजक्या राज्यांत मात्र तो जुना सगळं-किंवा-काहीच-नाही नियम अजून जिवंत आहे. आणि आपल्या घरोघरी तर तो कायम जिवंत आहे. "ती फोनवर बोलत होती" एवढं कळलं की आपण खटला निकालात काढतो. फोनवर बोलत असेलही. म्हणून कठड्याचा गज लावायची जबाबदारी तिच्यावर येते का?

आणि "बघून चालणं" म्हणजे नेमकं काय, याचाही विचार करू. जिना उतरताना आपण प्रत्येक पायरी तपासत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय उंची शिकतो आणि पुढचं सगळं विश्वासावर चालतं. सगळाच जिना ओबडधोबड असेल तर माणूस आपोआप सावध होतो, भिंत धरतो. चांगल्या जिन्यातली एकच तुटकी पायरी घात करते, कारण आधीच्या पायऱ्यांनीच पायाला विश्वास दिलेला असतो. जागा चालवणारा माणूस नेमका हाच विश्वास विकत किंवा वापरत असतो. लोकांनी आत यावं, गर्दी करावी, दिवे-आरास पाहत वर जावं, मान वर करून फळ्यांवरचा माल न्याहाळावा, हे त्यालाच हवं असतं. नजर वर राहावी अशी मांडणी करायची आणि पडल्यावर खाली का पाहिलं नाही म्हणून विचारायचं, हा दुटप्पीपणा झाला.

मालकाच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं बरंच आहे. तो चोवीस तास प्रत्येक फरशीवर डोळा ठेवू शकत नाही. कायद्यालाही ते कळतं, आणि ते कसं कळतं याचा उत्तम नमुना केळीच्या सालीवरून झालेल्या दोन खटल्यांत आहे. दोन्ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले, दोन्ही रेल्वे स्थानकांतले. १९०१ च्या खटल्यात प्रवासी सालीवरून घसरला आणि हरला, कारण ती साल मिनिटभरापूर्वी दुसऱ्या कुणा प्रवाशाने टाकलेली असू शकत होती. रेल्वेने ती उचलायची तरी केव्हा? १९११ च्या खटल्यात बाई जिंकली. तिथल्या सालीचं वर्णन साक्षीत नोंदलेलं आहे: कोरडी, कचकचीत, बरीच तुडवलेली, चपटी झालेली, काळी पडलेली. म्हणजे ती साल तिथे बराच वेळ पडून होती आणि स्थानकातली देखरेख करणारी माणसं तिच्यावरून ये-जा करत होती. खटल्याचा निकाल सालीच्या रंगाने लावला, असं म्हटलं तरी चालेल. यात मालकाला दुष्ट ठरवायची गरजच पडत नाही आणि त्याच्यावर अशक्य ओझंही टाकलं जात नाही. पिवळ्या सालीला माफी आहे, काळ्या सालीला नाही. आमच्या जिन्यावरची ती गुळगुळीत झालेली कड काळी साल होती.

दुसरी तक्रार अशी की, अशा दाव्यांनी सार्वजनिक जीवन आक्रसून जातं. मैदानांना कुलुपं लागतात, झोपाळे काढले जातात, तळ्याकाठी जाळ्या येतात. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. इंग्लंडमध्ये १९९५ साली एका अठरा वर्षांच्या मुलाने सार्वजनिक उद्यानातल्या तळ्याच्या उथळ पाण्यात सूर मारला आणि मान मोडून घेतली. पोहायला मनाई असल्याचे फलक होते. लोक ते मानत नव्हते आणि स्थानिक प्रशासनाला हे ठाऊक होतं. तळ्याचा वाळूचा काठच झाडं लावून बंद करून टाकावा, असा विचारही झाला होता. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने त्याचा दावा फेटाळला. तळं हे तळ्यासारखंच होतं. त्यात लपलेला सापळा नव्हता, मोडलेलं काही नव्हतं. एकाने उघड दिसणारी जोखीम उचलली म्हणून हजारोंचा वाळूत बसायचा आनंद काढून घ्यायचा का, असा प्रश्न न्यायाधीशांनी केला. मला तो निकाल पटतो. पण तोच निकाल तुटक्या जिन्याच्या बचावासाठी पुढे केला जातो तेव्हा हसू येतं. तुटक्या पायरीने समाजाला कोणता आनंद मिळतो? बंद पडलेल्या दिव्यामुळे कुणाचं स्वातंत्र्य टिकून राहतं? जोखमीतून काही मिळत असेल तर तोलून बघा. जिथे फक्त दुरुस्तीचा खर्च वाचतोय, तिथे तागडीच्या दुसऱ्या पारड्यात ठेवायलाच काही नाही.

भरपाईखोरीचा पुरावा म्हणून कॉफी सांडलेल्या म्हाताऱ्या बाईची गोष्ट हमखास निघते. कॉफी सांडली आणि बाई लक्षाधीश झाली! प्रकरण जागेच्या सुरक्षिततेचं नाही, पण ते इतक्या वेळा फेकलं जातं की दोन वाक्यं खर्चावी लागतात. १९९२ मधल्या त्या घटनेत अमेरिकेतल्या ७९ वर्षांच्या बाईंना तिसऱ्या दर्जाचे भाजल्याचे घाव झाले, त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी आधी वीस हजार डॉलर मागितले आणि कंपनीने आठशे देऊ केले. ज्यूरीने ठरवलेली मोठी रक्कम न्यायाधीशाने बरीच खाली आणली, हे सहसा सांगितलं जात नाही. त्याआधी त्याच कॉफीने भाजल्याच्या सातशेहून जास्त तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. पुन्हा मारका बैलच. फक्त इथे वस्तीने सातशे वेळा कळवलं होतं.

फलकांबद्दल मात्र मला जरा रागानेच लिहायचं आहे. "येथे होणाऱ्या कोणत्याही अपघातास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही." ही पाटी रंगवणाऱ्याला वाटतं की आपण चार शब्दांत विमा उतरवला. इंग्लंडच्या १९५७ च्या भोगवटादार-दायित्व (म्हणजे जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या जबाबदारीच्या) कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की, नुसती सूचना दिल्याने भोगवटादार सुटत नाही. त्या सूचनेमुळे आलेला माणूस प्रत्यक्षात सुरक्षित राहू शकत होता का, ते बघायचं. एकच जिना असेल आणि त्यावर "जिना धोकादायक आहे" असं लिहिलं असेल, तर वाचून माणसाने काय करायचं, उडायचं? १९७७ च्या आणखी एका कायद्याने तर व्यवसायाच्या जागेत निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर ती जबाबदारी पाटी लावून किंवा करारात लिहून झटकताच येणार नाही, असं ठरवून टाकलं. सगळ्या देशांत इतकी कडक तरतूद नाही. पण पाटीचा दुसरा अर्थ सगळीकडे सारखाच आहे. "सावधान, फरशी निसरडी आहे" लिहिणाऱ्याला फरशी निसरडी असल्याचं माहीत होतं. लेखी पुरावा त्यानेच भिंतीवर टांगला! नुकती पुसलेली फरशी वाळेपर्यंत ठेवलेली पिवळी पाटी वेगळी. तीच पाटी सहा महिने तिथेच उभी असेल, तर ती फरशीबद्दल नव्हे, व्यवस्थापनाबद्दल सांगतेय.

मग प्रश्न येतो, ही जबाबदारी कुणाकुणाबद्दल? इथे कायद्याचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १८६६ साली इंग्लंडमध्ये साखर कारखान्यात गॅसच्या कामासाठी आलेला एक कारागीर वरच्या मजल्याच्या जमिनीतल्या, कठडा नसलेल्या उघड्या भोकातून खाली पडला. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, कारण तो मालकाच्या फायद्याच्या कामासाठी आला होता. निकाल चांगला, पण त्यातून माणसांची उतरंड पक्की झाली. कामासाठी बोलावलेला माणूस वर, नुसता परवानगीने आलेला पाहुणा त्याच्या खाली आणि न विचारता शिरलेला तळाला. या उतरंडीने काय केलं ते १९२९ मध्ये दिसलं. स्कॉटलंडच्या एका कोळसा खाणीच्या आवारात चार वर्षांचा मुलगा खाणीच्या ओढचाकात सापडून मेला. तिथे मुलं खेळतात हे खाणवाल्यांना माहीत होतं. तरी भरपाई नाही, कारण मुलगा कायद्याच्या भाषेत घुसखोर होता. चार वर्षांचा घुसखोर! हे बदलायला १९७२ उजाडावं लागलं. सहा वर्षांचा एक मुलगा मोडलेल्या कुंपणातून विजेच्या रेल्वेमार्गावर गेला आणि भाजला. कुंपण लोकांच्या येण्याजाण्याने वाकलेलं होतं आणि रुळांवर मुलं दिसल्याचं काही आठवडे आधी स्टेशनमास्तरला कळवलेलं होतं. या वेळी न्यायाधीशांनी साध्या माणुसकीचं कर्तव्य मान्य केलं. चोरासाठी गालिचा अंथरा, असं कुणीच म्हणत नाही. पण मोडकं कुंपण आणि समोर खेळणारी मुलं एकाच वेळी दिसत असतील, तर "आत यायला कुणी सांगितलं होतं?" हे उत्तर होत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ही उतरंड जवळजवळ मोडीत काढली, आणि ती एका न्हाणीघरातल्या नळावरून. पाहुणा हात धुवायला गेला, चिनीमातीची चावी हातात फुटली आणि उजव्या हाताचे मज्जातंतू, स्नायूबंध तुटले. चावी तडकलेली आहे हे त्या घरात भाड्याने राहणाऱ्या बाईंना माहीत होतं. त्यांनी घरमालकाला ती बदलायलाही सांगितलं होतं. पाहुण्याला मात्र सांगितलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, माणूस कोणत्या नात्याने आत आला यावरून त्याच्या हाताची किंमत ठरत नाही. हे उदाहरण मला मुद्दाम द्यावंसं वाटतं, कारण मालक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धनाढ्यच येतो. इथे "मालक" एक भाडेकरू बाई होती आणि तिचं काम एका वाक्याचं होतं: "ती चावी जपून फिरव हं, तडकलीये." कर्तव्य ऐपतीप्रमाणे असतं. छोट्या माणसावर छोटं कर्तव्य येतं. पण छोटं म्हणजे शून्य नव्हे.

खरी अडचण तत्त्वात नाही, पुराव्यात आहे, आणि या वादात तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. पडणारा माणूस वेदनेने कळवळत गाडीत घातला जातो. मागे राहतात फरशी, पोछा, कॅमेऱ्याचं चित्रीकरण, देखभालीची वही आणि नोकर. हे सगळं ज्याच्या विरुद्ध तक्रार आहे त्याच्या ताब्यात. चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ओल वाळते. १९७६ च्या इंग्लंडमधल्या एका खटल्यात सुपरमार्केटमध्ये सांडलेल्या दह्यावरून एक बाई घसरली. दही किती वेळ सांडून पडलं होतं हे तिने कसं सिद्ध करायचं? अपील न्यायालयाने बहुमताने म्हटलं, दुकानात सांडलेल्या गोष्टी दुकानानेच उचलायच्या असतात. तेव्हा आमची साफसफाईची पद्धत चोख होती, हे दुकानाने दाखवावं. त्या खटल्यातला एक तपशील मी विसरू शकत नाही. पडल्यानंतर तीनेक आठवड्यांनी बाई पुन्हा त्याच दुकानात गेली होती. तिथे फरशीवर संत्र्याचं सरबत सांडलेलं दिसलं, तर ती पंधरा मिनिटं तिथेच लक्ष ठेवून राहिली. कुणीही पुसायला आलं नाही. न्यायालयात ही साक्षही आली. असे पक्षकार सगळ्यांनाच लाभोत!

भारतातला अपकृत्यांचा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा, कायदा एका संहितेत बांधलेला नाही. तो निकालांतून घडत आला आहे, आणि ओझं कुणी उचलायचं याबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच स्वच्छ भूमिका घेतली होती. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली. इमारत ऐंशी वर्षांची होती आणि त्या प्रकारच्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. महापालिकेने मनोऱ्याची तपासणीच करून घेतली नव्हती. न्यायालयाने म्हटलं, रस्त्यालगतचा मनोरा आपण होऊन कोसळतो तेव्हा घटनाच बोलते, मेलेल्यांच्या वारसांनी निष्काळजीपणा वेगळा शोधून दाखवायची गरज नाही. दोष बाहेरून दिसत नव्हता, हा बचावही चालला नाही. आणि उपहार चित्रपटगृह? १३ जून १९९७ ला तिथल्या आगीत ५९ माणसं गेली. जास्त खुर्च्या बसवण्यासाठी बाहेर पडायची एक वाट बंद केलेली होती. त्याच इमारतीत १९८९ मध्येही आग लागली होती. बैल आधी एकदा मारून गेला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये वीस वर्षांवरच्या मृतांमागे १८ लाख ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते १० लाखांवर आणले, आणि जरब बसावी म्हणून लावलेले अडीच कोटी २५ लाखांवर. हिशेबाची कायदेशीर कारणं निकालात दिलेली आहेत. मला फक्त एवढंच दिसतं की, भरपाईच्या अतिरेकाची भीती घालणाऱ्यांनी आपल्याकडचे हे आकडे आणि मधली चौदा वर्षं एकदा शेजारी मांडून पाहावीत.

चूक कुणाची हे शोधण्यातच आयुष्य जातं, त्यापेक्षा सगळ्यांना सार्वजनिक निधीतून भरपाई द्या, असाही एक मार्ग आहे. न्यूझीलंडने १९७४ पासून तो चालवला आहे. तिथे अपघात कुणाच्याही चुकीने झालेला असो, उपचार आणि बुडालेल्या कमाईचा मोठा भाग योजनेतून मिळतो. त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी खासगी दावा करता येत नाही. जखमी माणसाच्या दृष्टीने याहून चांगलं काही मला सुचत नाही. शंका एवढीच की, बिल सगळ्यांनी वाटून घेतलं की गज कोण बसवतो? त्यासाठी तपासणी आणि खटले भरणारी दुसरी यंत्रणा तेवढीच दणकट लागते. ती आणि निधी दोन्ही जिथे नाहीत, तिथे पडलेल्या माणसाच्या हातात दाव्याखेरीज काय उरतं?

ताईचं सांगायचं तर, आम्ही ठेच लागून शिकलो. त्या संध्याकाळी मी पायरीचा फोटो काढला नाही. तिचा हात धरायचा की फोन? तिसऱ्या दिवशी भाचा फोटो काढायला गेला तेव्हा पायरीला नवी कड बसली होती, सिमेंट अजून ओलं होतं, दिवाही लागला होता. झालं ते चांगलंच झालं, पुढचा माणूस वाचला. नंतरची दुरुस्ती ही चुकीची कबुली मानू नये, नाहीतर कुणी दुरुस्तीच करणार नाही, म्हणून अमेरिकेत ती निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून सहसा चालत नाही, आणि त्यामागचं कारण मला समजतं. दवाखान्याच्या कागदावर "जिन्यावरून पडून" एवढंच लिहिलंय. कोणत्या जिन्यावरून, का, हे तेव्हाच लिहून घ्यायला हवं होतं. चित्रीकरण जपून ठेवा असं आम्ही लेखी कळवलं, ते बाराव्या दिवशी. व्यवस्थापनाचं पत्र आलं. "सदर जिन्याच्या सर्व पायऱ्या सुस्थितीत आहेत," असं त्यात होतं, आणि माणुसकीच्या नात्याने, कोणतीही जबाबदारी मान्य न करता, एक छोटी रक्कम देऊ केली होती. सोबत "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असा सहीचा कागद. ताईने पत्र दोनदा वाचलं. "खोटं कुठे लिहिलंय?" ती म्हणाली. "आहेतच की आता सुस्थितीत." सही केली नाही.

आता सगळं अडलंय ते रखवालदारावर. "इथे सगळेच अडखळतात," हे त्याने आम्हा दोघींसमोर सांगितलं होतं. परवा पडलेल्या आजोबांचं नाव-गाव फक्त त्यालाच माहीत असणार. वकील म्हणतात, त्याला साक्षीला बोलवा. मी म्हणते, बोलवू. ताई नको म्हणते. "मालकाला जे सिद्ध करायला सांगायला हवं, ते तुम्ही त्या पोराला सांगायला लावताय. पाणी त्यानेच आणून दिलं होतं मला," म्हणाली.